तळ्यापलीकडची खुंटी

क्लबच्या कमिटीच्या बैठकीत दादाने खुंटी टेबलावर आदळली आणि पसरलेल्या नकाशावर मातीच माती झाली.

"ही मी आज सकाळी स्वतः उपटून आणलीय," तो म्हणाला. "सहाव्या होलला हात लावायचा नाही. बाकी मैदानाचं तुला काय करायचं ते कर."

लाल फीत बांधलेली ती खुंटी धाकटीने तळ्याच्या पलीकडच्या काठावर ठोकली होती. गोल्फची मैदानं आखणं हा तिचा धंदा. दादा तिचा सख्खा भाऊ, या क्लबचा अध्यक्ष आणि क्लबातला सगळ्यात लांब फटका मारणारा. हे शेवटचं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. क्लबातली माणसं, त्यातही बायका, एकेक करून खेळायला यायची बंद झाली, म्हणून कमिटीने धाकटीला बोलावलं होतं. माणूस हरला तरी हसत घरी जाईल असं मैदान करा, असं चिटणिसांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने ते मनावर घेतलं. नकाशात वाळूचे निम्मे खड्डे बुजवले, वाटा रुंद केल्या, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक गवत, त्याच्या तोंडाशी जमीन मोकळी सोडली, म्हणजे ज्याचा चेंडू उडत नाही त्याचा निदान घरंगळत तरी पोचेल. दादाने सगळ्याला मान डोलावली. घोडं अडलं ते सहाव्या होलपाशी.

सहाव्याचा पहिला फटका जिथून मारायचा ती जागा, म्हणजे टी, तळ्याच्या अलीकडे. पुढे सगळं पाणी. वळसा घालायला वाट नाही. बायकांसाठी कुणीतरी कधीकाळी वेगळी टी केली होती. तीही चार पावलं पुढे, पाण्याच्या अलीकडेच. उपकारच केले म्हणायचे. वहिनीचा चेंडू दादाच्या निम्मा जातो. तो बुडायचा. बुडाला की नियमाप्रमाणे पुन्हा अलीकडूनच मारायचं, आणि नियम म्हणजे नियम, हे दादा तिला दर वेळी ऐकवायचा. मग दुसराही बुडायचा. मग दादा पाहुण्यांकडे बघून म्हणायचा, "चला, माशांची सोय झाली." वर्षानुवर्षं तोच विनोद. त्याच्यावर शेवाळ चढलं तरी पाहुणे हसायचे, कारण पुढचा चहा दादाच्या पैशाचा असायचा.

"पलीकडे, या खुंटीच्या जागी, बायकांची टी केली तर तळं ओलांडायचं कुणी?" दादा म्हणाला. "तळं ओलांडणं हीच तर मजा आहे."

"तुझी मजा."

"मग सराव करावा माणसाने. नाचता येईना, अंगण वाकडं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदल्याच दिवशी ती दादाकडे गेली होती, तर दाराशी वहिनीची गोल्फची बॅग उभी. वर बूट बांधलेले. कुणाला तरी देऊन टाकायला काढली होती. याच वहिनीने लग्न होऊन आल्यावर नणंदेला अभ्यासातून ओढून मैदानावर नेलं होतं, हातात पहिली स्टिक दिली होती आणि फटके चुकले की पोट धरून हसली होती. मैदानावर मजा येते हे धाकटीला कळलं ते वहिनीमुळे. तिची रोजीरोटीच त्यावर उभी राहिली.

"पाण्यात चेंडू टाकायला स्टिक कशाला लागते गं?" वहिनी म्हणाली होती. "हाताने टाकता येतात." आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली होती.

धाकटीला तेव्हा रडू आलं नव्हतं. राग आला होता, आणि तो अजून उतरला नव्हता.

"ठीक आहे," ती म्हणाली. खुंटी उचलून तिने पिशवीत टाकली. "तुझा चेंडू वहिनीच्या दुप्पट जातो ना? मग वहिनीला पलीकडचा काठ जितका लांब, त्याच्या दुप्पट लांब तू उभा राहायचं. उद्या तिथून मार. तळं ओलांडलंस तर ती टी मी स्वतःच्या हाताने खोडते."

"डोळे मिटून ओलांडतो," दादा म्हणाला. कमिटीसमोर दुसरं म्हणणार तरी काय होता.

"आणि नाही ओलांडलं तर?" चिटणिसांनी भीत भीत विचारलं.

"तो प्रश्नच येत नाही."

सकाळी धाकटी टीचे दोन पांढरे ठोकळे घेऊन टीपासून मागे मागे चालत गेली. गवत संपलं. झुडपांचं कुंपण संपलं. गाड्या लावायची जागा आली, तीही संपली, आणि गवत कापायच्या यंत्रांच्या शेडशेजारी, डिझेलच्या वासात, अंतर पुरं झालं. तिथे तिने ठोकळे मांडले. मध्ये चिटणिसांची गाडी येत होती, ती त्यांना हलवावी लागली.

वहिनी यायला तयार नव्हती. "तुम्हा बहीणभावांच्या भांडणात मी कशाला?" धाकटीने दाराशी ठेवलेल्या बॅगेतून एक स्टिक उपसून तिच्या हातात दिली. "खेळू नकोस. टेकायला धर."

दादा आला आणि थबकला. "इथून? गाड्यांच्या मागून?"

चिटणिसांनी मोजायच्या यंत्राला डोळा लावला, पुन्हा लावला, आणि नाइलाजाने म्हणाले, "अंतर बरोबर आहे साहेब."

पहिला चेंडू झकास उडाला, कुंपणावरून गेला आणि तळ्याच्या मधोमध पडला. दादाने दुसरा काढला. तोही तिथेच. दादाने पायाखाली दोनदा टाच आपटून पाहिली.

"इथली जमीनच वाकडी आहे," तो म्हणाला. चिटणीस आपल्या बुटांकडे बघायला लागले.

तिसऱ्याला त्याने दातओठ खाऊन सगळा जोर लावला. दुरून पाणी उडालेलं दिसलं. चिटणिसांना सवयीने हसू आलं आणि ते त्यांनी खोकून गिळलं. माशांचं वाक्य धाकटीच्या जिभेच्या टोकावर होतं. पण तिने वहिनीकडे पाहिलं आणि ते तिथेच ठेवलं. वहिनी हसत नव्हती. स्टिक तिने दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

"हा काय खेळ आहे?" दादा ओरडला. "नुसतं मारायचं आणि पाण्यात घालवायचं. यात मजा कसली?"

तो तरातरा निघाला. गाड्यांमधून, कुंपणातून, टीवरून, तळ्याच्या कडेकडेने, आणि बाकीचे त्याच्या मागे. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्याने खिशातून नवा चेंडू काढला आणि गवतावर टाकला. "इथून मारतो. पुढे जायचंय की नाही आज?"

चेंडू पडला होता तिथून वीतभर अंतरावर, जमिनीत एक ताजं भोक होतं. त्यानेच आदल्या सकाळी खुंटी उपटली होती तिथलं. त्याला ते दिसलंही नाही.

धाकटीने तोंड उघडलं. सांगण्यासारखं बरंच काही तिने घोकून ठेवलं होतं. पण तेवढ्यात वहिनीचा हात तिच्या पिशवीत गेला. वहिनीने खुंटी काढली, त्याच भोकात रोवली, टाचेने दाबली आणि हलवून पाहिली. घट्ट बसली होती.

"अहो, बाजूला व्हा."

"का?"

"ही टी माझी आहे."

"अगं, मी फक्त या वेळेपुरतं..."

"इतकी वर्षं मी त्या काठावर उभी होते," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पाहुण्यांसमोर. तुम्हाला तीन चेंडू सोसले नाहीत. आणि तेही कुणी हसलं नसताना."

दादाने चिटणिसांकडे पाहिलं. चिटणीस खुंटीकडे पाहत होते. शेवटी दादा बाजूला झाला. त्याने खाली वाकून आपला चेंडू उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "तोच चालेल."

तिने पाय रोवले आणि मारला. चेंडू काही फार लांब गेला नाही. गवतात पडला, दोन उड्या मारल्या आणि ग्रीनच्या बराच अलीकडे थांबला. कोरडा.