रंगायचं नाही

“बाबा दारात उभे होते स्वल्पविराम हातात माझी मोडकी छत्री होती पूर्णविराम नवा परिच्छेद,” त्यांनी वाचलं आणि मासिक जरा लांब धरलं.

“अहो, परिच्छेद कशाला सांगताय?” खुर्चीतून बायको म्हणाली. तिच्या उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती; डाव्याचा नंबर पुढच्या महिन्यात होता.

“छापलाय, म्हणून सांगितला.”

चौतीस वर्षं छापखान्यात त्यांनी प्रुफं तपासली होती. एकाने मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. नियम एकच: रंगायचं नाही. वाचणारा रंगला की चुका सुटतात. त्यामुळे त्यांच्या तोंडून खून, लग्न आणि मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात एकाच पट्टीत बाहेर पडे. छापखान्यात त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणत, कारण ते बोलले की पुढे कुणाला बोलावंसं वाटत नसे.

लेकीने आपली पहिली कथा हातात ठेवली, तेव्हाही त्यांनी नियम मोडला नाही.

“कशी वाटली?” तिने विचारलं होतं.

“सदतीस चुका,” ते म्हणाले होते.

त्याला दोन वर्षं झाली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. रोज संध्याकाळी पाचला तिचा फोन येई, तो आईला. बापाशी चकार शब्द नाही. तिची कथा छापून आलेलं हे मासिकसुद्धा आईच्या नावाने आलं होतं. पण आईला आठ दिवस वाचायची बंदी, म्हणून ते बापाच्या हाती पडलं.

पूर्णविराम पुढे वाचू लागले.

“बाबांना माणसं कळत नसत स्वल्पविराम माणसांच्या चुका तेवढ्या कळत पूर्णविराम.” त्यांनी मासिक खाली ठेवलं. “झालं. चारचौघांत बापाची अब्रू काढलीय. मी नाही वाचणार.”

बायको मात्र हसत होती.

“हसतेस काय?”

“अहो, ती कुठे चिडलीय? लाडात लिहिलंय तिने. तुम्ही वाचताय पंचनाम्यासारखं. जरा तिच्या आवाजात वाचा.”

“तिचा आवाज मी कुठून आणू?”

“बावीस वर्षं घरातच होता की.”

यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो आधीच स्वच्छ होता.

“भाजी नको असली की कशी म्हणायची,” बायकोने सुचवलं, “‘बाबा, तुम्ही खा, तुमची तब्येत सुधारेल.’ तसं म्हणा.”

त्यांनी घसा खाकरला. पहिल्यांदा आवाज फाटक्या भोंग्यासारखा निघाला. दुसऱ्यांदा बरा. तिसऱ्यांदा “माणसांच्या चुका तेवढ्या कळत” म्हणताना त्यांची मान नकळत एका बाजूला कलली, लेकीची कलायची तशी, आणि ते वाक्य ऐकून त्यांनाच हसू आलं. मग ते थांबले नाहीत. स्वल्पविराम गेले, परिच्छेद गेले. तिसऱ्या पानावर आवाज आपोआप खाली आला.

“रात्री जागून त्यांनी छत्री दुरुस्त केली आणि सकाळी मला म्हणाले, पुन्हा मोडलीस तर बघ.”



“रात्री जागून त्यांनी छत्री दुरुस्त केली,” ते आणखी हळू वाचत गेले, “आणि सकाळी मला म्हणाले, पुन्हा मोडलीस तर बघ.”

बायकोने चाचपडत त्यांचा गुडघा शोधला.

“रडायचं नाही हं,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी बजावलंय.”

“मी कुठे रडतेय?” ती म्हणाली. “आवाज कुणाचा येतोय?”

कथा संपते न संपते तोच पाच वाजले. फोन वाजला.

“तुम्हीच घ्या,” बायको म्हणाली. “मला बटण दिसत नाही.”

गेले चार दिवस तिला ते बिनचूक दिसत होतं.

“आई, औषधाचे थेंब घातलेस?”

“घातले,” पूर्णविराम म्हणाले.

पलीकडे थेंबांची पुढची चौकशी अर्ध्यातच तुटली. मग, “बाबा?”

“हं.”

“गोष्ट वाचलीत?”

“वाचली.”

“मग? किती?”

त्यांनी खिशातल्या लाल पेनाला हात लावला. टोपण तसंच होतं.

“एकही नाही.”

“असं कसं? तिसऱ्या पानावर छत्रीची ओळ दोनदा छापलीय! सकाळपासून मी छापखान्याच्या नावाने खडे फोडतेय. तुम्हाला दिसली नाही?”

त्यांनी पान उलटलं. दोन्ही ओळी एकीखाली एक, जुळ्या बहिणींसारख्या उभ्या होत्या. आणि त्यांनी दोन्ही मोठ्याने वाचल्या होत्या.

“नाही दिसली.”

लेक याच घरात वाढलेली. छापखान्याचा नियम तिला बाराखडीच्या आधी पाठ होता.

“बाबा,” तिचा आवाज बारीक झाला, “खरंच नाही दिसली?”

“सांगितलं ना एकदा, नाही दिसली!” ते खेकसले.

दोन वर्षांनी लेक त्यांच्या कानात खळखळून हसली.

“उद्गारचिन्ह,” खुर्चीतून बायको म्हणाली.