आक्कांची परतफेड

आक्कांना कुणाचं काही अंगावर ठेवलेलं खपत नसे. शेजारणीनं वाटीभर साखर दिली, तर दिवस मावळायच्या आत तिच्याकडे शिगोशीग भरलेली वाटी पोचायची, वर "बघून घ्या, कमी वाटायची" असा टोमणाही. वेताच्या खुर्च्या विणणं हा त्यांचा धंदा. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं ओढलं, मुलाला वाढवलं, शिकलेली सून आणली, आणि या सगळ्यात कुणाचे उपकार घेतले नाहीत, हे त्या आल्यागेल्याला न विचारता ऐकवत.

आणि अशा बाईचा उजवा हात, दुकानाच्या पायरीवरून पडून, मनगटात मोडला.

मुलगा कायम फिरतीवर. सून शाळेत शिकवायची, ती सकाळीच बाहेर पडायची. हात प्लास्टरमध्ये घेऊन आक्का घरात एकट्या. पहिल्याच दिवशी समोरच्या दारातल्या नर्सबाई आत शिरल्या. दवाखान्यातली नोकरी संपवून घरी बसलेल्या, एकट्या, आणि तोंडानं आक्कांच्या तोडीस तोड.

"केसांचं घरटं झालंय तुमच्या," त्या म्हणाल्या. "पाखरं यायच्या आत बसा इथं."

आक्का नको-नको म्हणेपर्यंत पाठ चोळूनसुद्धा झाली होती.

मग नर्सबाई रोज येऊ लागल्या. आंघोळ घालायच्या, वेणी घालायच्या, आणि मग दोघी मनसोक्त भांडायच्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून एक अख्खी सकाळ जायची. सून परत आली की जिन्यातच आवाज ऐकून हसायची. सासूला इतकं खुशीत तिनं कधी पाहिलं नव्हतं.

प्लास्टर निघालं आणि आक्का कामाला लागल्या. नर्सबाईंच्या दाराबाहेर बैठक फाटलेली एक खुर्ची पडून होती. ती त्यांनी गुपचूप दुकानात नेली. मनगट ठणकत होतं, तरी कारागिराला हात लावू दिला नाही. स्वतः विणली.

खुर्ची तयार झाली तशी त्यांनी स्वयंपाकघरात सुनेला गाठलं. "सूनबाई, कुणी आपल्यासाठी केलेलं परत करायचं, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात? चांगला भारदस्त शब्द सांग. नर्सबाईंना वाटतं मला बोलता येत नाही."

"परतफेड," सून भाजी चिरता चिरता म्हणाली. "पण आई, तो शब्द असा…"

"झालं. पुढचं नको."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी खुर्ची नर्सबाईंच्या दारात नेऊन ठेवली. जिन्यात दोघीचौघी बायका उभ्या होत्या, ते बरंच झालं असं त्यांना वाटलं. खडा आवाज काढून त्या म्हणाल्या, "घ्या नर्सबाई. तुमच्या सेवेची परतफेड. आता तुमचं माझ्याकडे काही राहिलं नाही."

नर्सबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. खुर्ची बाहेरच राहिली.

त्या पुन्हा आल्या नाहीत. आक्का आधी म्हणाल्या, बरं झालं, कटकट गेली. मग खिडकी उघडायच्या, बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. जेवण अळणी झालंय म्हणून सुनेवर डाफरल्या आणि खारट झालंय म्हणूनही डाफरल्या.

शेवटी सून बोलली. "आई, परतफेड कर्जाची करतात. हप्ते संपले की बँकेत कुणी गप्पा मारायला जातं का?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगू दिलंत तुम्ही?"

आक्का म्हणाल्या, "मग माणसाच्या बाबतीत काय म्हणायचं?"

"उतराई होणं म्हणतात. पण तेसुद्धा लोक बहुतेक 'तुमची उतराई कशी होऊ' एवढंच म्हणतात आणि थांबतात. झाले बाई एकदाची उतराई, असं कुणी दारात उभं राहून ओरडत नाही."

आक्का तशाच उठल्या आणि समोरचं दार वाजवलं.

नर्सबाईंनी फटीएवढंच उघडलं. "आता काय? पावती हवी?"

"आत तर येऊ द्या."

"जन्मभर पगार घेऊन लोकांच्या पाठी चोळल्या मी, आक्का. त्याची मला लाज नाही. पण तुमची चोळली ती माझ्या मर्जीनं. आणि तुम्ही बायकांपुढं माझा हिशेब चुकता केलात."

आक्कांच्या जिभेवर तिखट उत्तर तयार होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी परक्यांच्या घरात वाढले," त्या म्हणाल्या. हे त्यांनी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं. "तिथं प्रत्येक घास बोलून दाखवायचे. तेव्हापासून कुणाचं घ्यायचं म्हटलं की माझा घसा आवळतो. तुमचं घेतलं, तेव्हा नाही आवळला. मला त्याचीच भीती वाटली."

नर्सबाईंनी दार पूर्ण उघडलं. "ती खुर्ची आत घ्या. जिन्यात धूळ खातेय."

नर्सबाई खुर्चीवर बसल्या, इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या. "डावीकडे सैल आहे."

आक्कांच्या विणीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं बैठक दाबली. खरंच आत गेली. एरवी त्यांनी खापर वेतावर फोडलं असतं.

"हात अजून पुरता वळत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुखतो."

"दाखवा."

नर्सबाईंनी मनगट हातात घेऊन फिरवलं, एका जागी दाबलं. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सूज आहे. आणि या हातानं वेत ओढत बसलात. शहाण्याच आहात. कोमट पाण्यात धरून रोज चोळायला हवा. सकाळी येते मी."

कोपऱ्यात नर्सबाईंचं वेताचं एक जुनं स्टूल होतं, कडा उसवलेलं. आक्कांची नजर तिकडे गेली, तोंडही उघडलं.

"काय?" नर्सबाईंनी डोळे बारीक केले.

"काही नाही," आक्का म्हणाल्या. "या. दार नुसतं लोटलेलं असेल."