पुण्याच्या भिंतीच्या मापाचा

मित्रांनो, मी एक जुना साईडबोर्ड आहे, आणि माझं माप माझ्या घराचं नाही.

वरची फळी

आमचं घराणं विलायतेतलं. आधी आम्ही जेवणघरात भिंतीलगतची नुसती फळी होतो, वाढण्याची भांडी ठेवायला. पुढे कुणी खाली खण दिले, बाजूला कपाटं दिली, पायांना वळण दिलं. दारूच्या बाटल्यांसाठी खोल कप्पाही आला. माझ्या त्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या राहतात.

मला दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये बदरुद्दीन सुतारानं घडवलं, ब्याण्णव साली. माझे मालक दत्तप्रसाद आणि त्यांची बायको मृणालिनीबाई राहत दुबईत, अल मनखूलला. पण त्यांनी माप दिलं पुण्यातल्या भिंतीचं. तो फ्लॅट तेव्हा नकाशातच होता.

"साब, यहाँ का कमरा छोटा पड़ेगा," बदरुद्दीन म्हणाला.

"यहाँ कितने दिन रहना है, भाई?" दत्तप्रसाद म्हणाले. ते राहत त्या इमारतीत सगळेच असं म्हणत.

मी आलो, भिंतीत मावलो नाही आणि स्वयंपाकघराच्या दारात वीतभर पुढे आलो. तेव्हापासून घरातले सगळे अंग चोरून आत जात. शेजारचे सूर्यकांत म्हणत, "वहिनी, पोटभर वाढू नका, मग बाहेर पडता येत नाही."

मखमलीचा खण

(हा अडकतो. जरा उचलून ओढा.)

यात काटे-चमचे. शेजारच्या माझ्याच काचेच्या कपाटात निळ्या फुलांचा डिनर सेट. दोन्ही पुण्यासाठी राखलेले, कपाटाला कुलूप. रोजचं जेवण मेलामाईनच्या प्लेटमध्ये. त्यांची मुलगी अस्मी तेव्हा पहिलीत होती. काचेला नाक लावून ती फुलं बघायची. काचेवर उठलेला नाकाचा डाग मृणालिनीबाई रोज पुसत.

पुण्याचा फ्लॅट तयार झाला. त्याला कुलूप लागलं. इथे दरवर्षी ठरायचं, पुढच्या वर्षी नक्की.

रिकामा कप्पा

दोन हजार तीन साली अस्मीची बारावी झाली. कॉलेज पुण्यात मिळालं. दत्तप्रसादांची नोकरी इथेच, म्हणून ती आत्याच्या सोबतीनं त्या फ्लॅटमध्ये राहणार होती. निघण्याआधीच्या शुक्रवारी दुपारी मृणालिनीबाईंनी नेहमीच्या प्लेट मांडल्या.

"आई, नॉट दीज. ते निळ्या फुलांचे काढ ना."

"अगं, ते पुण्याला गेल्यावर..."

"पुण्याला तर तुम्ही दोघं नसणार."

मृणालिनीबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. मग किल्ली आणली. माझं दार इतक्या वर्षांत घट्ट बसलं होतं. दत्तप्रसादांनी ते हळूच ओढलं.

वरणभात, बटाट्याची भाजी, लोणचं. तिघं बराच वेळ जेवत होते. नंतर दत्तप्रसादांनी प्लेट स्वतः धुतल्या आणि एकीचा टवका उडाला. ते बायकोकडे बघत राहिले.

"राहू दे," त्या म्हणाल्या, आणि तीच प्लेट त्यांनी सगळ्यांत वर ठेवली.

वर्षं गेली, दोघं अजून इथेच. गेल्या आठवड्यात फोन माझ्यावर ठेवून ते पुण्यातल्या अस्मीशी बोलत होते.

"बाबा, इथे साईडबोर्डची ती भिंत रिकामीच आहे. तरी आय स्टिल डू इट. किचनमध्ये अंग चोरूनच जाते."

दत्तप्रसाद हसले. मग फडकं घेऊन माझी कोरडीच फळी पुसत बसले.

मित्रांनो, माझ्यासारख्या लाकडाला कोरड्या फडक्यानं पुसत जा. ओल धरू देऊ नका. पण कुलूप लावू नका. चांगल्या प्लेट आज काढा, सगळे घरात आहेत तोवर.