फुईची बोली

पौषातल्या कोवळ्या, तिरप्या उन्हात मिरचीच्या पथारीवर बसलेली फुई आठवते, ती आधी हातांनीच. नंदुरबारच्या वेशीबाहेर उघड्या माळावर लाल मिरची वाळत पसरलेली असे; त्या रक्तवर्ण विस्ताराच्या कडेला बायकांच्या रांगेत ती देठं खुडत बसे, आणि तिखट खकाण्यानं सगळी रांग खोकत, शिंकत, हसत असताना तिचे हात तेवढे कसल्याशा खोल एकाग्रतेत चालत राहत.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती जन्मापासून बहिरी, आणि म्हणून मुकी. शाळेनं तिला घेतलं नाही. बहिऱ्या माणसांसाठी कुठे शिकवली जाणारी खुणांची भाषा असते, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकही नव्हतं. तेव्हा तिनं आपली भाषा आपणच घडवली. मिशीला पीळ दिला की वडील. नाकपुडीवर चमकीच्या जागी बोट टेकलं की आई. हनुवटीच्या खळग्यात बोटाचं टोक दाबलं की मी. डोक्यावर अक्षता उधळल्यासारखी चिमूट सोडली की लग्न. मनगटावर मनगट आपटलं की वैधव्य. ही शेवटची खूण तिच्या स्वतःच्या आयुष्यातून आली होती. ऐन तारुण्यात तिचा नवरा वारला, सासरच्या अंगणात बायकांनी तिला धरून तिच्या बांगड्या फोडल्या, आणि हे का चाललंय हे तिला तिच्या भाषेत सांगू शकेल असं त्या अंगणात कुणीही नव्हतं. मग ती माहेरी आली, ती कायमचीच.

मी बोलायला शिकण्याआधी तिच्याशी बोलायला शिकले. ती सांगे तेव्हा तिचा चेहरा आभाळासारखा बदले; भुवया वाक्याचा शेवट करीत, खांदे प्रश्न विचारीत. तिच्या गोष्टींत म्हशी भांडत, शेजारीण पीठ चोरे, सुरतेकडची गाडी धूर नसतानाही धूर सोडत जाई. घरातल्या अहिराणीइतकीच ती बोली माझी मायबोली होती.

गेल्या वर्षी मला दूरच्या शहरात डिझाइनच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. स्टेशनवर निरोप द्यायला सगळे आले होते. नवी ट्रंक, नवे कपडे, आईचे डोळे भरलेले, आणि या सगळ्याकडे फुई आळीपाळीनं पाहत होती. शहरात मी दृश्य संप्रेषण शिकू लागले. आकृती आणि पार्श्वभूमी, रंगांचं तापमान, चित्रांचा क्रम, नजर कुठे थांबते आणि कुठून घसरते. एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "एकही अक्षर न वापरता एक गोष्ट समजावून सांगा. आणि ज्याला ती खरोखर सांगायची आहे, त्याच्यासमोर नेऊन ठेवा."

मला कुणाला सांगायचं आहे, याचा विचारच करावा लागला नाही. आई फोनवर नेहमी म्हणायची, "फुई रोज इचारस, पोर कोठे गयी म्हणीसन. मी सांगस शिकाले गयी. पण तिले वाटस तुन्हं लगीन व्हई गयं." ट्रंक, नवे कपडे, रडणारी आई, फुईनं ते दृश्य तिला ठाऊक असलेल्या एकाच अर्थानं वाचलं होतं. म्हणून मी चित्रांची पत्रं केली: आगगाडी, शहर, वसतिगृहातली खोली, चौघी मैत्रिणी, मेजावर वाकून चित्र काढणारी, हनुवटीवर खळगा असलेली मुलगी. रेषा जाड, रंग मोजके, क्रम निःसंदिग्ध.

दिवाळीला घरी आले. ओसरीवर ऊन मधासारखं सांडलं होतं. फुईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, मग एकेक पत्र उन्हाकडे धरून पाहिलं, प्रत्येकावर मान डोलावली, प्रत्येकाला हसली. शेवटी तिनं माझ्या डोक्यावर अक्षतांची चिमूट सोडली. मी हसले; ती थट्टा करतेय असं मला वाटलं. मग ध्यानात आलं, हातातलं पत्र उलटं होतं. मी आवाज न करता बाजूला सरकले. फुईचे डोळे मी नव्हते तिथेच स्थिर राहिले, आणि त्या रिकाम्या जागेशी ती मोठ्या मायेनं बोलत राहिली.

"माय, तिले दिसत नही!" मी ओरडले. आई पिठाच्या हातांनी धावत आली.

शेजारपाजारचे म्हणाले, मिरचीनं डोळे खाल्ले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मिरचीचा दोष नाही. हा काचबिंदू आहे. कडांकडून हळूहळू अंधार आत येत जातो. गेलेली नजर परत आणता येणार नाही. उरलेली टिकते का बघू." मग त्यांनी वडिलांना विचारलं, "इतकं होईपर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत?" 'मला दिसत नाही' असं म्हणायला तिच्या बोलीत खूणच नव्हती. तिला ती कधी लागलीच नव्हती. आणि जिची सगळी भाषा डोळ्यांवर उभी, तिनं नजर सरत चाललेली पाहून काय मानलं असेल? कदाचित जगच मावळतंय, सगळ्यांसाठीच.

उरलेली नजर टिकली नाही. उन्हाळ्याच्या सुटीत परतले तेव्हा फुई पूर्ण अंधारात होती. आईशी तिचं बोलणं आता हातात दिलेला पेला, अंगावर ओढलेलं पांघरूण, मोरीपर्यंत धरलेला दंड एवढंच उरलं होतं. बाहेर वैशाख पेटला होता, लिंबाची पानंही हलत नव्हती, आणि आतल्या खोलीत खाटेवर ती मांडीवर हात ठेवून बसलेली. आपण बोललो तर समोर कुणी आहे का, हेच कळत नसलेलं माणूस हळूहळू बोलणं सोडून देतं.

मी शेजारी बसून तिचं बोट माझ्या हनुवटीवर नेलं. तिनं माझा चेहरा चाचपला, केस चाचपले, मग गळा. तिथे बोटं थांबली. ती काळे मणी शोधत होती. पुन्हा शोधलं, कानामागून मानेपर्यंत, मग माझी दोन्ही मनगटं. मी तेव्हा बांगड्या घालत नव्हते. आणि फुईच्या घशातून एक ओबडधोबड, स्वतःलाही न ऐकू येणारा आक्रोश उठला. तिनं मनगटावर मनगट आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा.

"हात धर तिना! अशुभ शे ते!" आई म्हणाली.

मी हात धरले. तिच्या दंडावरून बोटांनी आगगाडी नेली, तळव्यावर घर काढलं, पेन्सिल काढली, माझी मान तिच्या हातात देऊन नाही नाही अशी हलवली. मला हसायचं होतं. तिच्या बोटांना माझं हसू लागलं असतं तर तिला कळलं असतं. मी ओठ ताणून तिचा हात माझ्या गालावर ठेवला, पण गाल ओले होते, आणि तिच्या बोटांनी तेवढंच वाचलं. तिनं मला जवळ ओढलं आणि स्वतःच्या पदरानं माझं कपाळ पुसलं, तिचं कुणीतरी कधीकाळी पुसलं असेल तसं. माझ्यापाशी वर्षभराची विद्या होती, आणि एका माणसाला एक साधी गोष्ट मी सांगू शकले नाही.

आषाढात फुई गेली. माझं न झालेलं वैधव्य मनात घेऊनच गेली, असं आई म्हणत नाही. पण आम्हा दोघींना ते ठाऊक आहे.

दिवसकार्यासाठी तिचं चित्र हवं होतं, म्हणून घरातले सगळे फोटो काढले. लग्नांतले, बारशांतले, ओसरीवरचे. प्रत्येकात फुई आहे, आणि प्रत्येकात तिचे हात स्थिर आहेत. हलू नकोस, असं कुणीतरी तिला दर वेळी खुणावलं होतं. इतक्या प्रतिमांत एकीतही ती बोलताना सापडली नाही. माणूस गेल्यावर काळ त्याचा चेहरा आपल्यापाशी ठेवून घेऊ देतो. त्याची बोली मात्र ती समजणाऱ्या उरल्यासुरल्या माणसांच्या विसरण्याबरोबर थोडी थोडी मावळत जाते, आणि तिच्या मावळण्याचा आवाज कुणालाच येत नाही.