भोसरीतला हिमालय

१९७४ साली भोसरीच्या वर्कशॉपवाल्या दौलतरावांनी हिमालयाची ऑर्डर घेतली. डिलिव्हरी गुरुवारी.

ऑर्डर देणाऱ्या कौशल्याबाई पुण्यात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. त्यांना हवी होती काचेची लांब पेटी, आत वाळूचे थर, आणि हँडल फिरवलं की एका टोकाकडून वाळू रेटत येणारी लोखंडी पाटी. पोरांना डोंगर होताना दिसला पाहिजे.

वाळू भरायचं काम खंडूकडे आलं. खंडू वर्कशॉपच्या फाउंड्रीतला मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारा. तीन वर्षं टेंपररी. दर सात महिन्यांनी दौलतराव त्याला ब्रेक देऊन घरी बसवत, म्हणजे नोकरी सलग दिसत नसे. या वेळी मात्र म्हणाले होते, "हिमालय पास झाला, की तू परमनंट."

खंडूनं जीव ओतला. वाळूत माती कालवली, पाणी शिंपडलं आणि साच्यात ठोकतात तशी ठोकून बसवली.

बाईंनी हँडल फिरवलं. अख्खा हिमालय साबणाच्या वडीसारखा सरकला आणि समोरच्या काचेला जाऊन टेकला.

"खंडूभाऊ, हे काय?"

"पक्कं केलंय, बाई. शंभर वर्षं मोडायचं न्हाई."

"अहो, मोडायलाच हवंय!"

खंडूनं सगळं उपसलं. कोरडी वाळू चाळून सैल भरली, मधेमधे रांगोळीचे रंगीत पट्टे टाकले आणि स्वतः हँडल धरलं. पाटीलगत वाळू फुगली, तिरका तडा गेला, एक थर दुसऱ्याच्या अंगावर चढला. मग त्याच्या पुढ्यात नवा तडा, नवी रांग. जुनी तिच्या पाठीवर बसून आणखी उभी.

"म्हंजी जुन्यानं वर बसायचं, वजन नव्यानं घ्यायचं," खंडू म्हणाला. "आमच्या खात्यावानीच हाय."

"हिमालय असाच वाढला," बाई म्हणाल्या. "पायथ्याशी अजून नव्या रांगा उठताहेत. काम संपलेलं नाही."

दौलतराव खुलले. "ऐकलंस? कोट्यवधी वर्षं झाली, हिमालयसुद्धा अजून परमनंट नाही. तुला कसली घाई राव?"

खंडूनं हँडल सोडलं. डोंगर जागच्या जागी थांबला.

"त्याला कुणी सात महिन्यांनी ब्रेक देत न्हाई, मालक. दिला असता तर भोसरीएवढाच सपाट ऱ्हायला असता."

हिमालय पास केल्याची सही करायला बाईंनी पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. "दर टर्मला वाळू भरायला हेच लागतील. आणि आमच्या कॉलेजात टेंपररी माणसाला आत सोडत नाहीत," त्यांनी गंभीरपणे थाप मारली.

दौलतरावांनी पेटीकडे पाहिलं, खंडूकडे पाहिलं, बंद पेनाकडे पाहिलं. दोन्हीकडून रेटा बसला की माणूसही हलतो. खंडूला परमनंट केल्याची ऑर्डर टाइप करायला सांगितली त्यांनी.

वेग मात्र हिमालयाचाच. कागद खंडूच्या हातात पडायला दिवाळी उजाडली.