थर्झानं थांबवलेला ठराव

आमच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत मतदान नसतं. सगळे गप्प बसतात, ज्याला आतून वाटेल तो उभा राहून बोलतो. एकमत झालंसं दिसलं की सभेची लेखनिक म्हणून मी ठराव वाचून दाखवते. पटला असेल तर सगळे "आशा आहे" एवढंच म्हणतात.

आमच्यातली म्हातारी तत्त्वज्ञ थर्झा होम, तिचं सारं तत्त्वज्ञान याच खोलीतून निघालं होतं. मतं मोजली की कोणीतरी हरतंच, म्हणून सर्वांना पटेपर्यंत थांबायला राज्यानंही शिकावं, असं तिनं आयुष्यभर लिहिलं. धर्माची पारख तो कोणाला आत घेतो यावरून करावी, हेही तिचंच.

त्या रविवारी प्रश्न तोच होता: कोणाला आत घ्यायचं. ॲल्बन रड तुरुंगातून सुटून गावी परतला होता आणि त्याला सभेत येऊन बसायचं होतं. दारूच्या नशेत त्यानं गाडी घातली ती आमच्यातल्याच ईडिथच्या मुलावर, आणि मुलगा गेला. ईडिथ नेहमीसारखी खिडकीजवळ होती. ॲल्बन बाहेर दगडी कुंपणावर वाट बघत बसला होता.

थर्झा काठी टेकत उठली. "शिक्षा देणं सरकारचं काम. त्यानं ती भोगली. आपण वरून आणखी का द्यावी?"

नंतर कोणी बोललं नाही. ॲल्बनला येऊ द्यावं, असा ठराव मी लिहून वाचला.

"आशा आहे," सगळे पुटपुटले.

"थांब, खोड तो," थर्झा म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओठ बघायची. "ईडिथ काही म्हणाली नाही."

"अगं, तुझंच म्हणणं मान्य झालंय," तिच्या शेजारी बसलेला जॉसलिन वैतागला. "घरी माझं मटण करपतंय, आणि तू स्वतःलाच विरोध करत बस."

"माझं होतं म्हणूनच ती गप्प राहिली. ईडिथ, बोल गं."

ईडिथ हातांकडे बघत म्हणाली, "येऊ दे त्याला. तुमचं बरोबरच आहे. मी मात्र नाही येणार. या शांततेत त्याचा श्वास ऐकू येईल मला."

थर्झा काठीवर भार टाकून तिच्याकडे वळली. "शांततेवर मी एवढं लिहिलं," ती म्हणाली, "पण मला ती कधी जड गेली नव्हती."

मी ठराव खोडला. थर्झा हळूहळू बाहेर गेली आणि कुंपणावर ॲल्बनशेजारी बसली. दार उघडंच राहिलं. गार वारा आत येऊ लागला.

थोड्या वेळानं ईडिथ उठली. ती दार लावणार, असं आम्हाला वाटलं. तिनं थर्झाची बाकावर राहिलेली शाल उचलली, बाहेर जाऊन तिच्या खांद्यांवर टाकली आणि ॲल्बनकडे न बघता परत येऊन बसली.

दार तिनं लावलं नाही.