डाव्या हाताचं पथ्य

"कोंबडी पुरी काळी नाई भेटली काकी. पंखाखाली जराशी लाल हाय. चालते का?"

दसरूने पिशवीतून कोंबडी काढून अंगणात धरली. सोमारीने कोंबडीकडे पाहिलेच नाही. ती त्याच्या हातांकडे पाहत होती. बोटांच्या पेरांत काळपट चुरा बसला होता आणि त्याला लोखंडाचा वास येत होता.

"कुऱ्हाड घासून राह्यला होता का?"

"लाकडं फोडाची हायेत घरी."

त्याच्या भिंतीला वर्षभराची लाकडं रचून ठेवलेली तिने परवाच पाहिली होती. ती मांडवाच्या सावलीत जाऊन बसली आणि त्याला समोर बसवले.

"कोनासाठी?"

"भैयाजी."

दोघे चुलतभाऊ. दोघांच्या धानाच्या शेतांमध्ये एक धुरा, मातीचा बांध होता, माणूस जेमतेम चालेल एवढा. भैयाजीने तो हातभर दसरूच्या शेतात सरकवला, असे दसरूचे म्हणणे. पावसाने सरकला, असे भैयाजीचे. मोजणीची तारीख लागली होती. पण तोवर भैयाजीने भर चौकात दसरूच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला होता आणि तेव्हापासून दसरूला जेवण गोड लागत नव्हते.

"जीव नको घेऊ त्याचा," दसरू खाली पाहत म्हणाला. "पन पाडून दे. उठला नाई पाह्यजे." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत भैयाजीच्या दुपट्ट्याचा एक लांब, पांढरा धागा होता.

सोमारीने धागा डाव्या हातात घेतला. "डावं काम हाय. पथ्य जमल का तुले?"

"सांग ना."

"अकरा दिवस. दारू नाई. धुऱ्यावर पाय ठेवाचा नाई. त्याच्यासंग बोलाचं नाई, त्याच्या दारावरून जाचं नाई. धान बायको कापल. आन तुही कुऱ्हाड आता माह्या घरी आनून ठेवाची. पथ्य मोडलं त उलटते, तुह्यावरच येऊन पडते."

दसरूचा चेहरा उतरला. तासाभरात तो कुऱ्हाड देऊन गेला. धार इतकी ताजी होती की सोमारीने ती पोत्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीमागे ठेवली.

सोमारीला ही विद्या सासूकडून आली होती. रुखमा सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली. मासे धरणाऱ्या ढीवराची बाई, पण पाटलांच्या घरची लेकरेही तिच्या मांडीवर आणून टाकत. दृष्ट काढणे, भ्यालेल्या पोराला उतारा करणे, बाळंतिणीचे भरून आलेले दूध उतरवणे, हे उजव्या हाताचे. आणि कोणाला पाडणे, कोणाचे जुळलेले मोडणे, हे डाव्या हाताचे. सोमारी नवी नवरी असताना म्हणाली होती, "आत्याबाई, मी निस्तं उजवंच शिकतो." रुखमा हसली होती. "डावं मांगाले येते त्याले वापस नको धाडू बाई. तुह्या दारातून वापस गेला त तो कुऱ्हाडीकडं जाते. त्याच्या हातातलं घे आन त्याले पथ्याले लाव. डाव्याचं पथ्य उजव्याहून कडक ठेवाचं. अकरा दिवस मानूस घरात बसला का अर्धा राग शिळा होते."

"आन करनी?"

"तलावात सोडून द्याची. पन हे तोंडातून निंघालं त दोन्ही हात गेले तुहे."

तीस वर्षे सोमारीने हेच केले होते. लोकांनी तिच्या अंगणात आणून टाकलेला द्वेष तिने मुकाट्याने पाण्यात सोडला होता. त्यातली कितीतरी माणसे आज एकमेकांच्या मांडवात जेवत होती. पण गाव तिच्याकडे कसे पाहते हेही तिला ठाऊक होते. पोराला ताप आला की आया तिच्याकडे धावत, आणि ताप उतरला की तिच्या सावलीपासून पोराला दूर ओढत. जी काढते, ती घालतही असणार.

त्या दिवशी मात्र ती धागा घेऊन तलावाकडे निघाली नाही. गेल्या वैशाखात भैयाजीच्या लेकीच्या, पायलच्या बाळाचे बारसे होते. हीच पायल लहान असताना तापाने तीन दिवस सोमारीच्या मांडीवर होती. सोमारी पंगतीत बसली होती, पत्रावळीवर वरण-भात पडला होता. भैयाजी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काकी, तुम्ही उठा. ज्याइचे दोन्ही हात चालते त्याइच्या नजरेखाली लेकरू नाई ठेवत आमी." त्याची बायको कुंता वाढता वाढता थांबली, मग पुढच्या पानाकडे वळली. सोमारी भरल्या पानावरून उठून आली होती.

तिने इकडेतिकडे पाहिले. अंगणात कोणी नव्हते. तिने भैयाजीचे नाव घेतले आणि धाग्याला एक गाठ मारली. गच्च आवळली. मग स्वतःचीच लाज वाटून धागा कंबरेला खोचला. उद्या तलावात सोडू, असे म्हणाली. उद्या धान कापायला जावे लागले. मग परवा. गाठ कंबरेलाच राहिली.

नवव्या दिवशी सकाळी भैयाजी धानाचा भारा उचलताना शेतातच, बांधीत कोसळला. तोंड वाकडे, डावे अंग लुळे. चिमूरला नेला, तिथून ॲम्ब्युलन्सने चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी दसरू धावत आला. सोमारीच्या घरासमोरच्या बोअरिंगवर बायकांची गर्दी होती, तिच्यातूनच तो ओरडत आला, "काकी, काढ वो! काढून टाक! मले एवढं नोतं पाह्यजे!" भरत आलेल्या घागरी तशाच राहिल्या. सोमारीने त्याला आत ओढले, पण आता काय उपयोग?

तिने कंबरेचा धागा काढला आणि गाठ सोडवायला बसली. घामाने, मळाने गाठ दगडासारखी झाली होती. नखे बोथट झालेली. रुखमा सांगे, हाताने बांधलेले हातानेच सोडवायचे, विळा लावायचा नाही. आपण हे खरे मानतो का, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता. तो आज पडला, आणि ती पुन्हा नखाने गाठ उकरू लागली.

थोड्याच वेळात अंगण माणसांनी भरले. पुढे कुंता, पदर पडलेला, डोळे सुजलेले. तिच्यासोबत तिचा भाऊ बाबुलाल. मागे अर्धा गाव. सोमारीने धागा घाईने कनवटीला लावला आणि बाहेर आली.

बाबुलालने तिचा दंड धरला. "काय केलं माह्या भावजीले? बोल!"

"हात सोडा," गर्दीतून आवाज आला. पोलीस पाटील अश्वजित पुढे आला. तिशीतला, शिकलेला माणूस. "कोनी अंगाले हात लावाचा नाई. सांगून ठेवतो."

कुंता सोमारीच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज बसला होता. "डॉक्टर म्हनते, डोस्क्यात गाठ झाली. रक्ताची गाठ. चांगला चालता-बोलता मानूस, गाठ कशी येते काकी त्याच्या डोस्क्यात?"

सोमारीचा हात आपोआप कनवटीवर गेला. दुसरा कोणताही रोग सांगितला असता तर ती उभी राहिली असती. आता तिने मांडवाची मेढ धरली.

"विचारून काय राह्यली तिले?" बाबुलाल म्हणाला. "गाडी सांगतली मी. आता निंघतो, आजच भावजीले घेऊन येतो आन हिच्या अंगनात टाकतो. जिनं घातलं तिनंच काढावं. करनीले डॉक्टर काय करते?"

कुंताच्या हातातला फोन चालूच होता. त्यातून दवाखान्यात बापाजवळ बसलेली पायल रडत ओरडत होती, "मामा, नका आनू बाबाले! डॉक्टर म्हनते, हलवलं त जीव जाईन. आई, तू तरी आयक!"

"तुले नाई समजत यातलं," बाबुलालने फोन हिसकावून बंद केला. गर्दीत माना हलल्या. बरोबर आहे. आधी करणी काढा, मग औषध लागू पडते.

अश्वजित सोमारीजवळ आला. "बाई, तुम्ही सर्वाइसमोर सांगा, मी काईच केलं नाई म्हनून. दसरू घाबरून बडबडून राह्यला. मी ठाण्यात फोन लावतो. तुम्हाले कोनी बोट नाई लावनार."

वाट सरळ होती. नाही म्हणायचे. आणि ते तीस वर्षांच्या हिशेबाने खरेच होते. पण सोमारीने माणसांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. तिच्या 'नाही'वर यातला एकही विश्वास ठेवणार नव्हता. ती पोलिसांच्या गाडीत सुखरूप बसली असती आणि बाबुलालची गाडी चंद्रपूरला गेली असती. संध्याकाळपर्यंत भैयाजी या अंगणात येऊन पडला असता. त्याला उतारा करायला तिने किती लिंबे कापली असती?

तिने कनवटीतला धागा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे पाहा. भैयाजीच्या दुपट्ट्याचा हाय. गाठ मीच मारली."

बाबुलालची चप्पल तिच्या गालावर बसली. अश्वजित मध्ये पडला. कुंता किंचाळली. सोमारी पडली, उठली, तोंडातले रक्त पुसले. धागा मुठीतच होता.

"मारून टाका," ती म्हणाली, "मंग ही गाठ कोन सोडवल? दुसऱ्याच्या हातानं सुटत नाई."

बाबुलालचा हात खाली आला.

"आता आयका. कुंता, तू आयक. एकवीस दिवस लागते. मी रोज इथी अंगनात बसून सोडवीन, ज्याले पाहाचं त्यानं पाहावं. पन डाव्याचं पथ्य कडक राह्यते. तो आता जिथी हाय ना, त्या दवाखान्याचा उंबरा एकवीस दिवस वलांडाचा नाई. तिथली सुई, तिथली गोळी चुकवाची नाई. डॉक्टर म्हनते तसाच झोपाचा, तसाच उठाचा. दुसऱ्या कोन्या बाबाचा अंगारा त्याच्या तोंडात गेला नाई पाह्यजे. उंबरा वलांडला का गाठ आवळली. मंग माह्या हातात काई नाई."

कुंता पुढे सरकली. "आन पथ्य पाळलं त?"

"त उठते."

तो खरेच उठेल का, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

गाडी गेली, पण भैयाजीला आणायला नाही; तिच्यात कुंता, बाबुलाल आणि कपड्यांची पिशवी होती. बाबुलाल दवाखान्याच्या दारात पहाऱ्याला बसला. पेशंट जाग्यावरून हलू नये म्हणून नर्सशीच भांडत असे, असे पुढे पायलने कोणाला तरी सांगितले.

अंगण रिकामे झाल्यावर अश्वजित एकटा मागे राहिला. "खरं सांगा बाई. केलं का तुम्ही?"

"तुमच्या कायद्यात काय लिहिलं हाय? केलं म्हनलं तरी गुन्हा, नाई करता लोकाइले फसवलं तरी गुन्हाच ना?"

"दोन्ही."

"मंग कोनतंबी लिवा."

त्याने वही उघडली, पेन काढले आणि तिच्याकडे संशयाने पाहिले. मग वही मिटून निघून गेला.

सोमारी रोज सकाळी अंगणात बसू लागली. कुंपणापलीकडून कोणी ना कोणी पाहत असे. पोरे नव्हती, पोरांना त्या वाटेला बंदी होती. चौथ्या दिवशी बोटे ओली करून ओढताना गाठ एकदम सैल पडली आणि धागा सरळ झाला. तिच्या तोंडून हुंदका फुटला. ऊर हलके झाले. मग तिच्या लक्षात आले, अजून सतरा दिवस उरले आहेत आणि कुंपणाशी दोन बायका उभ्या आहेत. तिने पाठ वळवली आणि त्याच धाग्याला पुन्हा गाठ मारली. भैयाजीचे नाव घेतले. ही गाठ डावी की उजवी, हे तिला ठरवता आले नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

एकविसाव्या दिवशी तिने गाठ सोडली. धागा तलावात टाकला. दसरू कुऱ्हाड न्यायला आला नाही, म्हणून तिनेच नेऊन त्याच्या दारात ठेवली. त्याच्या बायकोने ती चिंध्यांत धरून उचलली.

भैयाजी महिन्याने आला. काठी टेकत, डावा पाय ओढत. हात गळ्यात अडकवलेला, बोलणे जरा बोबडे, पण दसरूने हात धरून गाडीतून उतरवले तेव्हा तो आपल्या पायांनी घरात गेला. धुऱ्याची मोजणी होऊन गेली होती. दोघांनीही त्या मोजणीचे नाव काढले नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरने म्हणे कुंताला सांगितले, की वेळेवर आणले आणि मध्येच उचलून नेले नाही, म्हणून माणूस वाचला. गावाने ते ऐकले आणि एकमेकांकडे पाहिले. डॉक्टरला काय माहीत?

सोमारीच्या अंगणात पुढे कोणी आले नाही. तापलेली लेकरे आता सरळ आरोग्य केंद्रात जात. बरेच झाले, असे ती स्वतःशी म्हणे. तरी सकाळी कुठे पोर रडले की तिचा उजवा हात आपसूक मिठाच्या मडक्याकडे जाई आणि ती तो मांडीखाली दाबून बसे. कुंता एकदाच आली. कुंपणाबाहेरूनच वाकली, मातीला हात लावून कपाळाला लावला. सोमारी उठून "बस ना माय" म्हणेपर्यंत ती लगबगीने वळून गेलीही होती. ते उपकार नव्हते. ती भीती होती.

माघात तलावाला जाळे लागले. ढीवरांची सगळी घरे पाळीवर, तलावाच्या बांधावर जमली. मासे निवडून घरटी एक असे ढीग पळसाच्या पानांवर लावले गेले, एका ओळीत. सोमारीचा ढीग ओळीत नव्हता. तो चार हात अंतरावर वेगळा होता आणि सगळ्यांत मोठी मरळ त्याच्यावर होती. तिने उचलल्याशिवाय कोणी आपल्या ढिगाला हात लावेना.

सोमारीने टोपली भरली. मरळ मात्र दोन्ही हातांनी उचलून ओळीच्या टोकाला, जिथे आचल नावाची गरोदर सून उभी होती, तिच्या पानावर नेऊन ठेवली. "तुले पाह्यजे बाई ह्या दिवसात," म्हणाली आणि पाळीवरून चालू लागली.

वळणावर तिने मागे पाहिले. सगळे आपापले ढीग उचलून पांगत होते. आचलच्या सासूने बाकीचे मासे टोपलीत भरले होते आणि सुनेचा हात धरून ती तिला ओढत नेत होती. पानावर एकटी मरळ उरली होती. ती अजून जिवंत होती. थोड्या थोड्या वेळाने शेपटी आपटत होती.